राखेची पावती

माणूस मेला की व्यवस्थेला त्याचे सगळे तपशील लागतात. रुग्णालय मरणाचं कारण लिहून देतं. दहनघाटावर मृताच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतात. वय, पत्ता, आणणाऱ्याचं नाव, वेळ हे सगळं रजिस्टरात चढतं. त्यावरून दाखला निघतो आणि दाखल्यावरून बँक, पेन्शन, घराचं नाव, गॅसचं कार्ड अशी पुढची कामं मार्गी लागतात. पण चिता विझल्यावर ओट्यावर जे उरतं, त्याचा कागद कुठेही तयार होत नाही. ते कोणी नेलं, कधी नेलं, नेलं नसेल तर कुठे ठेवलंय आणि शेवटी त्याचं काय झालं, हे सांगणारी ओळ आपल्याकडच्या घाटांवर सहसा सापडत नाही. अस्थी ही घाटाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ती ज्याच्या आवारात राहते त्याने तिचा जबाब दिलाच पाहिजे, आणि त्यासाठी नियम व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोक्षधाम, गंगाबाई, अंबाझरी, सहकारनगर, मानेवाडा, मानकापूर, वैशालीनगर. नागपूरच्या प्रत्येक भागाला आपापला घाट आहे. सरणाचं लाकूड महापालिका मोफत देते. कुठे गॅसदाहिनीची सोय आहे, कुठे शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेलं मोक्षकाष्ठ वापरतात. गरिबाच्या मयतीला लाकडासाठी हात पसरावा लागू नये, ही या शहराने केलेली फार चांगली गोष्ट आहे. तिसऱ्या दिवशी घरचे सावडायला जातात. राखेवर पाणी, दूध शिंपडतात, अस्थी वेचून मडक्यात भरतात, वरून कापड बांधतात. मग कोणी रामटेकला अंबाळा तलावावर जातं, कोणी कन्हानला, कोणी बिना गावच्या संगमावर, कोणी पवनीला वैनगंगेत, कोणी जबलपूरला नर्मदेवर. ज्यांना जमतं ते प्रयागराज गाठतात.

बहुतेक घरांत अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. म्हणून लगेच नेणं जमलं नाही तर मडकं घाटावरच राहतं. कुठे झाडाच्या फांदीला टांगलेलं, कुठे लोखंडी कपाटात, कुठे चौकीदाराच्या खोलीतल्या फळीवर. पूर्वी हा मुक्काम दोन-चार दिवसांचा असे. आता मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. रजा मिळत नाही, तिकीट मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. बाबांच्या अस्थी आपल्याच हातून शिरवायच्या, ही मुलीची इच्छा असते आणि ती अगदी रास्त आहे. मग मडक्याचा मुक्काम महिन्यांवर जातो. रीत तीच राहिली, घरं मात्र पांगली, आणि मधल्या काळाची राखण कोणी करायची हे कोणी ठरवलंच नाही.

माझ्या परिचयातल्या एका घराला याची झळ बसली. घाट कोणता हे सांगत नाही, कारण अशी सोय जिथे जिथे आहे तिथे तिथे हे घडू शकतं. काकाजी शिक्षक होते, ऐन मे महिन्यात गेले. सावडल्यावर एक मडकं काकू आणि मुलाने अंबाळ्याला नेलं. दुसरं परदेशातल्या मुलीसाठी घाटावरच्या खोलीत ठेवलं. ती येऊन नर्मदेवर जाणार होती. मडक्यावर कागद चिकटवून काकाजींचं नाव लिहिलं होतं, एवढीच त्याची ओळख. मुलगी आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मधल्या काळात खोलीची रंगरंगोटी झाली, सामान बाहेर काढून परत आत ठेवलं गेलं, कंत्राट बदललं आणि माणसंही बदलली. फळीवर मडकी होती, पण काकाजींच्या नावाचं नव्हतं. दोन-तीन मडक्यांवरचे कागद ओलीने गळून गेले होते.

नंतरच्या दिवसांत मी काही वेळा त्यांच्यासोबत होते. जुन्या चौकीदाराचा पत्ता काढून त्याच्या घरी जाणं, रंगाऱ्याला विचारणं, फाटकाबाहेर सामानाचं दुकान लावणाऱ्या बाईला विचारणं. मुलीने आईच्या फोनमधला सावडण्याच्या दिवशीचा फोटो मोठा करून कापडाचा रंग आणि गाठ पाहिली आणि ती गाठ प्रत्येक मडक्याशी ताडली. कोणी तिच्याशी उद्धट वागलं नाही. उलट तिथल्या माणसांना फार वाईट वाटत होतं. त्यांतल्याच एकाने शेवटी एक मडकं पुढे केलं आणि हात जोडून म्हणाला, "ताई, हेच समजा ना जी. भाव महत्त्वाचा असतो."

तो माणूस वाईट नव्हता. रडणाऱ्या मुलीला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्याला जड जात होतं. पण त्या क्षणी मुलीने जे उत्तर दिलं ते मला आजही या प्रश्नाचा गाभा वाटतं. ती म्हणाली, "दादा, हे कोणाचे तरी बाबा असतील. ते लोक आले तर तुम्ही त्यांना काय द्याल?"

राखेला स्वतःची ओळख नसते. माणसाचा चेहरा, बोटांचे ठसे, चालण्याची ढब, सगळं आगीत जातं. शेकडो अंशांच्या उष्णतेत डीएनएसुद्धा टिकत नाही, म्हणून नीट जळलेल्या अस्थींवरून त्या कोणाच्या हे प्रयोगशाळाही सहसा सांगू शकत नाही. प्रौढ माणसाच्या मागे उरते ती दोन-तीन किलोंची राख आणि अस्थींचे तुकडे, आणि हे सगळ्यांचं सारखंच दिसतं. हरवलेलं मूल मोठं झालं तरी आईशी रक्त जुळवून सापडू शकतं. हरवलेली जमीन मोजणीत सापडते. अस्थींची साखळी एकदा तुटली की ती पुन्हा कुठल्याही उपायाने जोडता येत नाही. त्यांची ओळख असते ती फक्त त्यांच्याबरोबर चालणाऱ्या नोंदीत. म्हणून इथे नोंद हेच संरक्षण आहे. सीताबर्डीच्या बाजारात स्कूटर उभी केली तर नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात मिळते. आयुष्यभराचं माणूस मात्र आपण फळीवर ठेवून येतो आणि परत येताना हातात काहीच नसतं.

यावर पहिला आक्षेप नेहमी घरातूनच येतो. आत्मा गेला, उरली ती माती, तिच्यासाठी एवढा जीव का टाकायचा? हा विचार थोर आहे आणि त्यातून कित्येकांना खराखुरा धीर मिळतो. पण तो ज्याच्या घरी मरण झालं त्याने स्वतःला सांगायचा असतो. ठेव हरवणाऱ्याने तो ठेव ठेवणाऱ्याला सांगायचा नसतो. शिवाय आपल्या परंपरेने ही राख कधीच क्षुल्लक मानलेली नाही. सगराचे साठ हजार पुत्र भस्म झाले तेव्हा नातू अंशुमान त्यांना शोधत निघाला आणि त्याला ती राख सापडली. पुढे त्यांच्या उद्धारासाठी दिलीप झटला, मग भगीरथाने गंगा आणली. राख कुठे पडली आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच गंगा तिथवर नेता आली.

आणि नागपूरला तर हे दुसऱ्या कोणी शिकवायची गरजच नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी आहेत. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं, दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरला अंत्यसंस्कार झाले. ज्या मैदानावर त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या मैदानावर त्यांच्या अस्थी याव्यात, ही इथल्या माणसांची आस होती. स्तूपाचं लोकार्पण 2001 मध्ये झालं. एवढी वर्षं त्या अस्थी जिवापाड जपणारी माणसं होती, म्हणूनच आज लाखो लोक तिथे डोकं टेकवतात. बौद्ध परंपरेत तर स्तूपाचा जन्मच अस्थींपासून झाला. तथागतांच्या अस्थींवर हक्क सांगत राजे आपापसांत लढायला उठले आणि द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे करून तो तंटा मिटवला, असं महापरिनिब्बान सुत्त सांगतं. धर्म कोणताही असो, ज्या शहराच्या मध्यभागी असं ठिकाण उभं आहे, तिथे सामान्य माणसाच्या अस्थी कागद गळून पडलेल्या मडक्यात हरवाव्यात, हे मला सहन होत नाही.

थोरांच्या अस्थीही सांभाळणारा असेल तरच टिकतात. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा 1930 मध्ये जिनिव्हात वारले. स्वतंत्र भारतात नेल्या जाव्यात म्हणून आपल्या अस्थी शंभर वर्षं जपण्याची व्यवस्था त्यांनी तिथल्या दफनभूमीशी करून ठेवली होती. 2003 मध्ये त्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी भारतात आल्या. मधे एक महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, पिढ्या उलटल्या. तिथलं रजिस्टर मात्र शाबूत राहिलं. आपल्याकडे महात्मा गांधींच्या अस्थींचा एक भाग कटकमधल्या स्टेट बँकेच्या तिजोरीत वर्षानुवर्षं पडून होता. 30 जानेवारी 1997 ला, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, तो प्रयागच्या संगमात सोडला गेला. तोही सापडला तो बँकेकडे नोंद होती म्हणूनच.

हे प्रश्न फक्त आपल्याच देशातले आहेत असंही नाही. एडिनबर्गमध्ये मॉर्टनहॉल नावाची नगरपालिकेची दाहिनी आहे. जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच दगावलेल्या बाळांच्या आईवडिलांना तिथे अनेक दशकं सांगितलं गेलं, की इतक्या लहान जिवाची राख उरतच नाही. 2012 च्या अखेरीस उघड झालं, की राख उरत होती आणि आईवडिलांना न सांगता ती आवारातच पुरली जात होती. कर्मचाऱ्यांना कदाचित वाटलं असेल, दुःख वाढवायला नको. चौकशी झाली, 2014 मध्ये अहवाल आले आणि 2016 मध्ये स्कॉटलंडने दफन-दहनाचा नवा कायदा केला. पुष्कळ आईवडिलांना मात्र आपलं बाळ नेमकं कुठे आहे हे कधीच कळणार नाही, कारण नोंदच नव्हती. आमच्याकडचा "हेच समजा ना जी" म्हणणारा माणूस आणि तिथला "राख उरत नाही" म्हणणारा माणूस दोघेही दयेपोटीच बोलले असतील. पण अशा ठिकाणी दया सत्याची जागा घेऊ लागली की नुकसान दुप्पट होतं. एका घराची फसवणूक होते आणि दुसऱ्या घराची ठेव जाते. हरवलं असेल तर हरवलं म्हणून सांगा, लेखी सांगा, माफी मागा. घरचे लोक हे सोसू शकतात. जे मिळालं ते आपल्याच माणसाचं आहे का, हा संशय मात्र जन्मभर सोसणं फार अवघड असतं.

दुसरा आक्षेप घाटावरून येतो आणि त्यात तथ्य आहे. लोकच अस्थी न्यायला येत नाहीत, आम्ही किती दिवस सांभाळायच्या? खरंच, कित्येक घाटांवर मडकी साचतात. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत नागपुरात घाटांवर रांगा लागल्या होत्या. घरची माणसं स्वतः आजारी, विलगीकरणात, सावडायला येणार कोण? त्या काळात देशभर कुठल्या कुठल्या संस्थांनी न नेलेल्या अस्थींचं सामूहिक विसर्जन केलं. त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण त्यांतल्या किती अस्थी कोणाच्या होत्या आणि कुठल्या पाण्यात गेल्या, हे घरच्यांना आज विचारावंसं वाटलं तर उत्तर कोणाकडे आहे? अस्थी कायमच्या सांभाळा असं कोणी म्हणत नाही. सोडायच्या तर सांगून सोडा, लिहून सोडा. इंग्लंडमध्ये 2008 च्या नियमांनुसार दहनाचा अर्ज करतानाच राखेचं काय करायचं हे लिहून द्यावं लागतं, आणि कोणी नेली नाही तर तिची विल्हेवाट लावण्याआधी अर्जदाराला 14 दिवसांची सूचना देणं बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, सेलमच्या सरकारी मनोरुग्णालयात सुमारे साडेतीन हजार रुग्णांची राख तांब्याच्या डब्यांत विस्मरणात पडली होती. 2004 च्या सुमारास ती गोष्ट लोकांसमोर आली. मग राज्याने नावांची यादी जाहीर केली आणि कित्येक घरांतले नातवंडं-पतवंडं येऊन आपल्या माणसाचा डबा घेऊन गेले. डब्यांवर क्रमांक होते आणि क्रमांकांसमोर नावं होती, म्हणून हे शक्य झालं. वेडा ठरवून घरादाराने टाकलेल्या माणसालाही त्या नोंदीने घरी पोचवलं.

आपला कायदा इथे अर्ध्यावर थांबतो. जन्ममृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा दहनभूमी सांभाळणाऱ्यावरही मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकतो; म्हणजे घाटाचा रखवालदार कायद्याच्या नजरेत जबाबदार माणूस आहेच. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी, दहनभूमी आणि विद्युतदाहिन्या हा विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कातली प्रतिष्ठा मृतदेहापर्यंत नेली, आणि 2021 च्या मे महिन्यात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही मृतांच्या सन्मानाबद्दल सूचना काढल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 मध्ये, जे आधी दंड संहितेचं 297 होतं, मृतांचे अवशेष ठेवण्याच्या जागेचा उल्लेखसुद्धा आहे. पण ते कलम भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा तसं होणार हे जाणून केलेल्या कृत्यासाठी आहे. रंगरंगोटीत मडकं इकडचं तिकडे झालं, तर ते त्यात बसत नाही. आणि बसू नयेही, असं मला वाटतं.

कारण हा प्रश्न कोणाला तुरुंगात टाकून सुटणारा नाही. घाटावर राबणारी बरीच माणसं कंत्राटी असतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला असताना, चितेशेजारी उभं राहून काम करणं काय असतं हे दहा मिनिटं तिथे थांबलेल्या कोणालाही कळेल. आपण तासाभराने घरी जाऊन अंघोळ करतो, ते दिवसभर तिथेच असतात. नोंद नसते तेव्हा सगळा दोष त्यांच्यावर येतो आणि त्यांच्याकडे आपली बाजू दाखवायला काहीच नसतं. क्रमांक आणि सही असली तर कोणी काय कधी हलवलं हे दिसेल. नव्या कंत्राटाच्या माणसाने जुन्याकडून मोजून ताबा घेतला असेल तर त्याच्या आधीची चूक त्याच्या गळ्यात पडणार नाही. पावतीची गरज घरच्यांइतकीच त्यांनाही आहे.

आणि हे फार खर्चाचं काम नाही. दहनाची नोंद होताना रजिस्टरात जो क्रमांक पडतो तोच धातूच्या बिल्ल्यावर ठोकून ओट्याला लावायचा. सावडताना तो बिल्ला मडक्याबरोबर द्यायचा. परदेशांतल्या कित्येक दाहिन्यांत असा बिल्ला देहासोबत आगीतूनही जातो, आपल्या गॅसदाहिन्यांतही ते करता येईल. अस्थी लगेच नेल्या तर नेणाऱ्याची सही, बस्स. ठेवून गेले तर दोन प्रतींची पावती, त्यावर तोच क्रमांक, दोन फोन नंबर आणि ठेवल्याची तारीख. कोरडी, कुलूपबंद खोली आणि क्रमांक लिहिलेले कप्पे. कागद चिकटवणं बंद, कारण आपल्या पावसाळ्यात कुठलाही कागद टिकत नाही. आपल्या खोल्यांना रंग लागतोच, कंत्राटं बदलतातच. अशा प्रत्येक वेळी दोघांच्या सहीने मोजणी व्हावी. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तू गहाळ होण्याची खरी जागा हीच असते. ताबा बदलतो त्या दिवशी.

पैसे घ्यायचे का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. लाकूड मोफत आहे ते गरिबाच्या मरणाला लाज येऊ नये म्हणून. उद्या अस्थी ठेवायला भाडं लागलं तर दूरच्या मजुरीवर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या बाईचं मडकं आधी बाहेर निघेल. ज्यांच्याकडे गाडी, ड्रायव्हर आणि सुट्टी आहे ते तिसऱ्याच दिवशी संगमावर पोचतात. त्यांच्या अस्थी हरवत नाहीत. ही सोय मुळात ज्यांना थांबावं लागतं त्यांच्यासाठीच आहे.

मुदत मात्र असावी. सहा महिने पुरेसे आहेत, असं मला वाटतं. त्यानंतर दोन्ही नंबरांवर फोन, पत्त्यावर पत्र, आणि कोणीच आलं नाही तर नाव-क्रमांकाची यादी घाटाच्या फाटकावर, झोन कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर. त्यात बेवारस म्हणून जाळलेल्यांचीही नोंद हवी: पोलिसांचा क्रमांक, सापडल्याची जागा, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा. बेवारस माणसाला शोधणारं घर बहुतेक वेळा कुठेतरी असतंच. ते फक्त उशिरा पोचतं.

न नेलेल्या अस्थींचं काय करायचं, हे महापालिकेने आपल्या मर्जीने ठरवू नये. या शहरात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, कुठलाच विधी न मानणारे आहेत. नदीत काही सोडायचं नाही म्हणून राख शेतात पसरून त्यावर झाड लावणारीही घरं आता गावोगाव दिसतात. म्हणून दहनाच्या अर्जातच एक रकाना हवा: अस्थी सहा महिन्यांत नेल्या नाहीत तर काय करावं? वाहत्या पाण्यात सोडाव्यात, जमिनीत पुराव्यात की झाडाखाली द्याव्यात, ते घरच्यांनी तेव्हाच लिहून द्यावं. ज्यांचा रकाना कोरा असेल त्यांच्या अस्थींसाठी शहराने एक जागा राखावी, आणि कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाच्या अस्थी तिथे ठेवल्या हे तिथेच कोरून ठेवावं. ज्यांनी पाणी लिहिलं असेल त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्येला एकत्र विसर्जन करता येईल. यादी त्याच्या महिनाभर आधी लागावी, म्हणजे पितृपक्षात घरोघरी गेलेल्यांची आठवण निघते तेव्हा कोणाच्या तरी नजरेला आपल्या माणसाचं नाव पडेल आणि त्या घरातून कोणीतरी पावती घेऊन वेळेत घाटावर पोचेल.